डेस्कटॉप आज, ग्राफिक्स कार्ड नंतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. "तू कॉम्प्युटर जोडून देतोस ना? पोराला एक घ्यायचाय. स्वस्तात बसव, पण पुढे ग्राफिक्स कार्ड टाकता आलं पाहिजे." मी साताऱ्यात राहतो, नोकरी वेगळीच करतो आणि बऱ्याच वर्षांपासून ओळखीच्यांचे डेस्कटॉप चहाच्या बोलीवर जोडून देतो. प्रश्न फिरून फिरून तेच येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

बजेट चाळीस-पंचेचाळीस हजार आहे. त्यात ग्राफिक्स कार्डासकट होईल का?

बसवून कुणीही देईल. कार्डाचे पैसे कुठून काढले, एवढंच बघा. ते नेहमी न दिसणाऱ्या जागेतून निघतात: एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बिननावाचा, रॅमची एकच स्टिक, बोर्ड (मदरबोर्ड) सगळ्यात खालचा, कॅबिनेट पुढून काचेनं बंद. वर लाल-निळे पंखे फिरतात आणि पोरगं खूश होतं. सहा महिन्यांनी माझा फोन वाजतो.

या बजेटमध्ये मी सहसा कार्ड टाकतच नाही. प्रोसेसर असा घ्यायचा की त्यात स्वतःचं ग्राफिक्स असेल, बाकी सगळं पक्कं करायचं आणि दिवाळीला किंवा पुढच्या वर्षी कार्ड आणायचं. कार्ड बदलायला दहा मिनिटं लागतात. बोर्ड बदलायचा तर अख्खा डबा रिकामा करावा लागतो.

भावांबद्दल मी आकडे देत नाही, कारण ते टिकत नाहीत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की माझे सगळे जुने अंदाज कोलमडले. एकाच दिवशी दोन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या, त्यात प्रत्येक भागाचं मॉडेल लिहायला लावा. "रॅम १६ जीबी" हे कोटेशन नव्हे.

कार्ड नसेल तर स्क्रीनवर चित्र कुठून येणार?

प्रोसेसरमधून. इंटेलच्या आय३-१२१०० किंवा आय५-१२४०० मध्ये यूएचडी ७३० नावाचं ग्राफिक्स असतं. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये त्याहून बरंच दमदार वेगा ग्राफिक्स आहे. नव्या एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) ८६००जी आहे, तो आणखी पुढचा.

फसगत होते ती एका अक्षरानं. १२१००एफ किंवा १२४००एफ मधला शेवटचा "एफ" म्हणजे आत ग्राफिक्स नाही. असा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, म्हणून दुकानदार पुढे करतो, आणि कार्डाशिवाय मशीन चालू होऊनही स्क्रीन काळीच राहते. एएमडीचं उलटं: ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. बिल करण्याआधी हे अक्षर बोट ठेवून वाचा.

आणि रॅम दोन स्टिकमध्ये घ्या. १६ जीबीची एक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, रॅममधूनच वाटा उचलतं. दोन स्टिक म्हणजे दोन रस्ते. ५६००जी वर हा फरक गेम खेळताना डोळ्यांना दिसतो.

मला कार्ड लागणार आहेच का मुळात?

टॅली, श्रीलिपी, कोरलड्रॉ, एमएस-सीआयटीचा अभ्यास, ऑनलाइन क्लास, शेअर बाजार: नाही लागत. आमच्या गल्लीतला डीटीपीवाला लग्नपत्रिका आणि फ्लेक्स अजून बिनकार्डाच्या मशीनवर करतो. त्याला कार्डापेक्षा एसएसडीनं जास्त सुख दिलं. टू-डी ऑटोकॅडही असंच चालतं.

ब्लेंडर, थ्री-डी रेंडरिंग, डाव्हिंची रिझॉल्व्हवर जड एडिटिंग, नवे मोठे गेम: लागतं. आर्किटेक्चरच्या मुलांना पहिल्या वर्षी सहसा लागत नाही, रेंडर सुरू झाले की लागतं. म्हणजे "नंतर" हा शब्द त्यांच्या बाबतीत अगदी खरा आहे. व्हॅलोरंटसारखा गेम ५६००जी वर बिनकार्डाचा चालतो. फक्त विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू लागतात.

व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना एक जोडसल्ला. इंटेलच्या बिन-एफ प्रोसेसरमध्ये क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ झटपट उलगडणारा भाग, असतो. मोबाइलवर काढलेलं चित्रीकरण टाइमलाइनवर सरकवताना त्याचा उपयोग होतो, कार्ड आल्यानंतरसुद्धा. एफ घेऊन वाचवलेले पैसे इथे महागात पडतात.

नंतर कार्ड टाकायचं तर आज काय सांभाळायचं?

एसएमपीएस, कॅबिनेट, बोर्ड, याच क्रमानं. ज्याला सगळे "सीपीयू" म्हणतात तो पत्र्याचा डबा म्हणजे कॅबिनेट. टेप घेऊन दुकानात जा. मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत आतली लांबी मोजा. एका पंख्याचं कार्ड साधारण १७ ते २० सेंटिमीटर, दोन पंख्यांचं २० ते २५, तीन पंख्यांचं ३० च्या आसपास. पुढचा भाग जाळीचा घ्या. काच सुंदर दिसते, पण तिच्यातून वारा येत नाही.

दुकानदार म्हणतो कॅबिनेटसोबत ४५० वॅटचा एसएमपीएस फुकट आहे. चालेल?

या एका प्रश्नासाठी मी अर्धा तास भांडू शकतो.

गेल्या वर्षी शेजारच्या वहिनींनी मुलाचं मशीन दाखवायला बोलावलं. कार्ड नवं, चांगलं. गेम सुरू केला की तीन-चार मिनिटांत मशीन बंद, आवाज नाही, एरर नाही, नुसतं गप्प. कॅबिनेटची बाजू उघडली. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५०. खाली बारीक तक्ता असतो, तो सहसा कुणी वाचत नाही. मोबाइलचा टॉर्च लावून वाचला: १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही जेवतात ते या १२ व्होल्टच्या ताटातून. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत मांडून ठेवलेले, म्हणजे कागदावरचे. डबा हातात घेतला तर पोकळ बॉक्ससारखा हलका. कार्डाला लागणारी आठ पिनची वायर त्यात नव्हतीच. जोडणाऱ्यानं हार्ड डिस्कच्या जुन्या चार पिनच्या वायरीतून ॲडॉप्टर लावून काढली होती आणि त्याचं प्लास्टिक पिवळं पडलं होतं. आग लागली नाही हे नशीब.

म्हणून तक्ता वाचा. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टपुढे ४० ते ४५ अँपिअर लिहिलेले असतात, म्हणजे जवळजवळ सगळे वॅट तिथेच. कॉर्सेअर, कूलर मास्टर, डीपकूल, एमएसआय यांपैकी कुणाचाही, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र), पाच वर्षांची वॉरंटी असलेला घ्या. फुकटचा त्याच दुकानात ठेवून या, कॅबिनेटच्या किमतीतून थोडे कमी करून घ्या.

पण मग वॅट किती?

हिशेब सोपा आहे. बोर्डावरच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनची वायर आणखी ७५ देते, आठ पिनची १५०. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, आरटीएक्स ३०६० ला १७०. आय३ किंवा आय५ जोरात पळताना नव्वद ते सव्वाशेच्या आसपास जातो. बोर्ड, डिस्क, पंखे मिळून पन्नास धरा. ४०६० साठी स्वतः एनव्हिडियाही ५५० वॅटचाच एसएमपीएस सुचवते. या बजेटमध्ये ५५० घेतला की पाच-सात वर्षं बघायला नको. ७५० घेऊन मिरवण्यात अर्थ नाही.

दोन आठ पिनी दिसायला सारख्या असतात. प्रोसेसरची चार-अधिक-चार, कार्डाची सहा-अधिक-दोन. एकीच्या जागी दुसरी जोर करून बसवू नका. बसत नसेल तर ती तिथली नाहीच.

बोर्ड आणि प्रोसेसर: इंटेल की एएमडी?

कार्ड वर्ष-दोन वर्षं येणारच नसेल आणि तोवर थोडे गेम खेळायचे असतील तर ५६००जी. कार्ड सहा महिन्यांत नक्की येणार असेल तर १२१०० किंवा १२४००, एच६१० नाहीतर बी७६० बोर्डावर.

का, ते सांगतो. कार्ड ज्या लांब स्लॉटमध्ये बसतं त्या पीसीआयईची आवृत्ती ५६००जी मध्ये ३.० आहे, बोर्ड बी५५० असला तरी. १२१०० वर निदान ४.० मिळते. मोठ्या कार्डांना यानं फार फरक पडत नाही. स्वस्त कार्डांना पडतो. उदाहरणार्थ, आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही कार्डं सोळा लेनच्या (लेन म्हणजे डेटा जाण्याची वाट) स्लॉटात बसतात पण वापरतात चारच लेन. ४.० वर चार लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी जातं, ३.० वर निम्मं. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की डेटा या बोळातून ये-जा करू लागतो आणि गेम अडखळतो. ५६००जी वाल्यांनी ही दोन कार्डं डोक्यातून काढून टाकावीत.

एएम५ सॉकेटवर जायचं असेल तर रॅम डीडीआर५ घ्यावी लागते, खर्च वाढतो, पण पुढे प्रोसेसर बदलण्याची वाट उघडी राहते. तिथेही ८५००जी टाळा. तो कार्डाला चारच लेन देतो, ८६००जी आठ देतो. नावात एका आकड्याचा फरक, आणि दुकानदाराला तो बहुतेक वेळा माहीत नसतो.

"आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, गेमिंग पीसी, फक्त २० हजार" अशी जाहिरात आली आहे.

पिढी विचारा. आय७-२६०० हाही आय७च आहे, २०११ चा. आय५-३४७० हा २०१२ चा. "४ जीबी ग्राफिक कार्ड" म्हणजे नव्वद टक्के वेळा जीटी ७३०. ते २०१४ चं. १२१०० मधलं फुकटचं ग्राफिक्स त्याला मागे टाकतं किंवा बरोबरीला येतं. ४ जीबी हा आकडा मेमरीचा आहे, ताकदीचा नाही. बैलगाडीला मोठी टाकी लावावी तसा प्रकार.

अशा मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. त्याला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

कंपनीतून निघालेला जुना ब्रँडेड डेस्कटॉप कसा? स्वस्त मिळतोय.

कामासाठी उत्तम. लीज संपली की कंपन्या असे ढिगानं सोडतात आणि आतला माल मजबूत असतो. आठव्या किंवा नवव्या पिढीचा आय५ घ्या म्हणजे विंडोजचं कोडं सुटेल. पण "पुढे कार्ड टाकू" म्हणत असाल तर थांबा. इथे मी स्वतः आपटलोय.

भाच्यासाठी एक घेतला होता, बारीक अंगाचा, टेबलावर आडवा ठेवता येणारा. अशा डब्यात पूर्ण उंचीचं कार्ड मावत नाही, लो-प्रोफाइल लागतं, हे मला ठाऊक होतं. तसंच कार्ड आणलं, छोटी पट्टीही लावली. पण ते जाडीला दोन स्लॉटचं, आणि लांब स्लॉटच्या अगदी खेटून एसएमपीएसचा डबा. बोटभरानं अडलं. दुसरा स्लॉट होता, पण आखूड. मग वाटलं, मोठ्या कॅबिनेटमध्ये हलवू. तर बोर्डाचा आकार वेगळा, भोकं जुळेनात, आणि एसएमपीएसची पिन बाजारातल्या २४ पिनेऐवजी कंपनीची स्वतःची. दुकानदारानं कार्ड परत घेतलं नाही. भाचा अजून टोमणे मारतो.

तुमच्या मनात तरीही जुना ब्रँडेडच असेल तर मोठा, उभा टॉवर शोधा. आत हे बघा: लांब स्लॉटच्या खाली मोकळी जागा आहे का, एसएमपीएस किती वॅटचा. या मशीनमध्ये १८० ते २६० वॅटचेच असतात, पण ते वॅट खरे असतात. त्यावर वेगळी वायर न मागणारं कार्ड चालतं. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती ७० वॅटची आहे, स्लॉटवरच भागते आणि लो-प्रोफाइलमध्येही मिळते. इंटेलचं आर्क मात्र अशा जुन्या मशीनला लावू नका. त्याला रिसाइझेबल बार ही सोय लागते आणि ती जुन्या बायोसमध्ये (बोर्डातल्या मूळ प्रोग्राममध्ये) सापडत नाही.

आणि नवा ब्रँडेड टॉवर?

आधी एसएमपीएसचे वॅट आणि पिन विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर असेंबल्डच बरा.

मिनी पीसी किंवा ऑल-इन-वन घेतला तर?

कार्ड विसरा.

कार्ड घ्यायची वेळ आली. कोणतं?

तेव्हाचा बाजार बघून. आज विचाराल तर माझी मोजपट्टी अशी. ४ जीबी मेमरीचं नवं कार्ड घेऊ नका. साधे गेम, वीज आणि वायरची कटकट नको: ३०५० ६ जीबी. इथे एक मेख आहे. ३०५० नावाचं ८ जीबीचं दुसरं कार्ड आहे, ते १३० वॅटचं आणि आठ पिन मागतं, वेगही जास्त. फुल एचडी स्क्रीनवर सगळं बरं चालावं: आरएक्स ६६०० किंवा ४०६०, दोन्ही ८ जीबी. ब्लेंडर शिकत असाल तर एनव्हिडियाच घ्या, तिथे ऑप्टिक्स या त्यांच्या रेंडरिंगच्या सोयीमुळे रेंडर लवकर होतो. मोठे सीन असतील तर ३०६० चं १२ जीबीचं मॉडेल जुनं असूनही कामाचं आहे. आर्क बी५८० मध्येही १२ जीबी आहे, पण ते नव्या बोर्डावरच.

सेकंडहँड कार्ड घ्यावं का?

घ्यावं, पण चालू अवस्थेत बघून. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवर ते खणणं (मायनिंग) बंद झालं आणि खाणीतली कार्डं जगभर बाजारात आली. आरएक्स ५८० त्यांत भरपूर. स्वस्त दिसलं तरी ते २०१७ चं आहे हे लक्षात ठेवा.

विकणाऱ्याच्या घरी जा. पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) आणि एखादी स्ट्रेस टेस्ट (कार्डावर पूर्ण ताण देणारा प्रोग्राम) न्या. जीपीयू-झेड खोटी एनव्हिडिया कार्डं ओळखतं. जुन्या चिपवर नव्या मॉडेलचं नाव चढवून विकण्याचा धंदा खरोखर चालतो. टेस्ट पंधरा मिनिटं चालू द्या, चहा घ्या, पंख्याचा आवाज ऐका, स्क्रीनवर ठिपके उठतात का बघा. "मशीन नाही, पण कार्ड चालू आहे" म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

यूपीएस जुनाच चालेल?

घरोघरी असतो तो ६०० व्हीए चा, म्हणजे साधारण ३६० वॅट. बिनकार्डाच्या मशीनला पुरतो. कार्ड आलं की गेमच्या मधोमध वीज गेल्यावर तो किंचाळून मान टाकतो. तेव्हा १००० व्हीए चा घ्या. अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, संगणकवाल्याला नको.

विदर्भातल्या पाहुण्यांसाठी: पारा ४५ च्या वर जातो तेव्हा मशीन डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवू नका. गार वाटतं, पण ती ओली हवा असते आणि सोबत धूळ आणते. कोकणात तर खारी हवा पट्ट्या गंजवतेच, पावसाळ्यात मशीन आठवड्यातून दोनदा तरी चालू ठेवा.

लॅमिंग्टन रोडला जाऊ, ऑनलाइन घेऊ, की गावातच?

मुंबईला ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. भाव तोंडी मिळतात, दोन-चार दुकानं फिरून घासाघीस करता येते. ऑनलाइन भाव उघड दिसतो. गावातला दुकानदार थोडे जास्त घेतो, पण बिघडलं तर मशीन स्कूटरवर घेऊन जाता येतं. याची किंमत मी तरी मोजतो. कुठूनही घ्या, कच्च्या पावतीवर घेऊ नका. "बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील" हे वाक्य ऐकू आलं की समजा, वॉरंटीही गेली. जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर. कार्डाचा आणि एसएमपीएसचा बॉक्स माळ्यावर टाका, रद्दीत देऊ नका.

कार्ड बसवलं. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी आहे. जळलं का?

बहुधा नाही. मशीन बंद करा, प्लग काढा, मागे वाकून बघा. एचडीएमआयची वायर अजून जुन्याच जागी, म्हणजे वर, यूएसबीच्या शेजारी, बोर्डात असेल. ती काढून खाली कार्डाच्या आडव्या पट्टीत लावा. रात्री अकराला आलेल्या फोनांतले निम्मे इथेच संपतात. नाहीच संपले तर कार्ड काढून परत बसवा, टोकाची खिटी "टक्" वाजली पाहिजे, आणि आठ पिनची वायर मुळात लावली आहे का ते बघा. मग फोन करा.